साडेबाराची शिट्टी

आमच्या सरांना सावलीचं वावडं आहे, असं मी बरीच वर्षं समजत होते. सुट्टीच्या संध्याकाळी दुबईतल्या आमच्या नेहमीच्या उद्यानात सगळं जग सावली शोधत फिरायचं, चटया अंथरून झाडाखालच्या जागा धरायचं. आमचे सर मात्र एका भल्यामोठ्या झाडापासून दहा-बारा पावलं लांब, चक्क उन्हात, घडीची खुर्ची टाकून बसायचे. डोक्यावर कापडी टोपी, मांडीवर रुमाल, शेजारी पाण्याचा निळा कूलर. ‘सर, इकडे या ना सावलीत,’ म्हटलं की उत्तर ठरलेलं. ‘मी बरा आहे. तू पाणी प्यायलीस का?’

हा त्यांचा रामराम होता. ऑफिसात शिरताना, फोन उचलताना, कुणाकडे सांत्वनाला गेले तरी आधी पाणी. एकदा मीटिंगमध्ये बड्या साहेबांनी त्यांना विचारलं, या महिन्याचा सेफ्टी रिपोर्ट कुठे आहे? सर म्हणाले, ‘सर, आप पहले पानी पीजिए, आपके होंठ सूखे हैं.’ सगळे हसले. साहेब मुकाट्याने पाणी प्यायले आणि रिपोर्टचा विषय त्या दिवशी तिथेच संपला.

दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर होते आणि मी तिथेच डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे सोप्या मराठीत कागदांची राखणदारीण. आलेल्या प्रत्येक कागदावर तारीख-वेळेचा शिक्का मारायचा, नंबर द्यायचा, फाइलला लावायचा. मी शारजात, अल नहदाच्या टॉवरमध्ये वाढलेली. शाळेत मराठी नव्हतंच. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘येस सर’ म्हटलं तर म्हणाले, ‘हो म्हण. एकच अक्षर आहे. तोंड कमी उघडतं, घसा कमी सुकतो.’ पुढे मी इंग्रजीत बोलले की ते ऐकूच येत नसल्यासारखं करायचे. आज मी हे मराठीत लिहिते आहे, त्यात त्या कटकटीचा मोठा वाटा आहे.

त्यांच्या गळ्यात एक पितळी शिट्टी असायची. इथे उन्हाळ्याचे तीन महिने दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते. बाकीच्या साइटवर फोरमन हाका मारत फिरायचे, आमच्याकडे सर. साडेबाराला मिनिटभर असताना ते मोकळ्या जागेत मधोमध उभे राहायचे, मनगट डोळ्यांसमोर धरायचे आणि वेळ झाली की जीव खाऊन शिट्टी फुंकायचे. ‘यल्ला, खलास! सब अंदर!’ मग आमच्या एसी केबिनचं दार उघडून आम्हालाही एक शिट्टी. मी एकदा वैतागून म्हटलं, ‘सर, आम्ही आतच आहोत की.’ ते म्हणाले, ‘म्हणूनच. बाहेर काय वाजलंय ते तुम्हाला कळत नाही.’

लोक त्यांना घाबरायचे आणि मागून हसायचेही. कामगारांच्या संडासात त्यांनी लघवीच्या रंगांचा तक्ता लावला होता, फिक्या पिवळ्यापासून चहाच्या रंगापर्यंत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खुशाल विचारायचे, ‘आज कौनसा नंबर?’ एकदा एक नवा इंजिनिअर, गॉगल लावून, छत्रीखाली उभा राहून एका मजुराला हळू काम करतोस म्हणून झापत होता. सरांनी त्याची छत्री मिटली, गॉगल काढून स्वतःच्या खिशात टाकला आणि त्याच्याबरोबर दहा मिनिटं उन्हात नुसते उभे राहिले. मग म्हणाले, ‘अब बोलो, क्या बोल रहे थे?’ पुढे तोच इंजिनिअर मजुरांसाठी ताक मागवायला लागला.

ते उद्यान आमच्याच कंपनीने केलेलं, म्हणजे त्यातला तळ्याकडचा भाग. आधी तिथे नुसती वाळू होती, आम्ही तिथल्याच केबिनमध्ये दोन वर्षं काढली. उद्यान उघडल्यावर सर दर सुट्टीला तिथे जायला लागले. आधी शुक्रवारी, सुट्टी बदलल्यावर रविवारी. हिवाळ्यात चार वाजता, उन्हाळ्यात पहाटे. ओळखीच्या मराठी लोकांना आग्रहाने बोलवायचे. माझ्या आईने पहिल्यांदा तिकिटाच्या खिडकीपाशी हिशेब केला, ‘पाच दिरहम, म्हणजे एकशेवीस रुपये! झाडं बघायला?’ पण आत गेल्यावर हिरवळीवर चप्पल काढून चालली आणि परत निघताना तिकिटाचं नावही काढलं नाही.

कूलरमध्ये लिंबू-मीठ-साखरेचं पाणी असायचं. जबल अलीच्या कामगार वस्त्यांमधून मजूर सुट्टीला यायचे, हिरवळीवर बसून घरी व्हिडिओ कॉल लावायचे. सर त्यांच्यात ग्लास घेऊन फिरायचे. क्रिकेट खेळणारी पोरं, प्रॅम ढकलणाऱ्या बायका, एक पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले म्हातारे अरब आजोबा, कुणी सुटायचं नाही. ‘पियो हबीबी, पियो.’ एक मराठी मुलगी म्हणाली, ‘अंकल, आय ॲम नॉट थर्स्टी.’ सर तिच्या समोर उकिडवे बसले. ‘तहान लागली की उशीर झालेला असतो, बाळ,’ ते म्हणाले, आणि ती पूर्ण ग्लास पिऊन होईपर्यंत उठले नाहीत.

ते मोठं झाड घाफचं. इथलं वाळवंटातलं झाड, आपली शमी. एका दसऱ्याला आई आमच्याबरोबर आली होती. तिला शमी दिसल्याचा कोण आनंद! ‘दोन पानं घेते, आज पूजा साग्रसंगीत होईल,’ म्हणत तिने फांदीकडे हात केला. सर खुर्चीवरून उठले ते धावतच आले. ‘हात लावायचा नाही त्याला!’ इतक्या मोठ्याने ओरडले, की शेजारच्या चटईवरचं बाळ रडायला लागलं. आई म्हणाली, ‘मी काय कुऱ्हाड घेऊन आलेय का?’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या दारात उभे होते, हातात पेढ्यांचा पुडा. आत आले नाहीत. ‘वहिनी, चुकलो,’ एवढंच म्हणाले. आईने पुडा घेतला, पण दोन महिने ती त्यांच्याशी तुटकच वागली. ‘माणूस सर्किट आहे, मनाने वाईट नाही,’ असा तिचा निकाल होता, आणि मलाही तो पटला होता.

त्यांची निवृत्ती ठरली. व्हिसा रद्द व्हायचा होता, गुरुवारचं विमान होतं. मिरजेजवळच्या गावी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पंचवीस वर्षं एकट्या राहिल्या होत्या, आता तिकडेच. शेवटच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, ‘आज आईला आणू नकोस.’

मी पोचले तेव्हा त्यांनी आज दोन खुर्च्या मांडल्या होत्या. दोन्ही उन्हात. फेब्रुवारीचं ऊन, त्यामुळे सोसत होतं.

‘हे झाड आलं त्या दिवशी तू कुठे होतीस?’

‘साइटवरच्या केबिनमध्ये.’

‘म्हणजे तुला आठवतं.’

आठवत होतं. सात वर्षांपूर्वीचा जुलै. कुठल्यातरी नव्या रस्त्याच्या आड येणारं जुनं झाड मुळासकट काढून ट्रेलरवरून आणलं होतं. मुळांना ओल्या गोणपाटाचं गाठोडं. सकाळी सातला येणार होतं. परवाना अडकला आणि ट्रेलर पोचला बारा वाजून गेल्यावर. क्रेनने ते खड्ड्यात उतरवलं, आता भोवती माती भरायची राहिली. त्या कामावरचा माळी राजस्थानचा होता, चाळिशीचा, अबोल. त्या दिवशी तो उन्हाने कोसळला, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढचं मात्र मला सरांनी सांगितलं.

‘शिट्टी माझ्या ओठांत होती. तो म्हणाला, “साब, खेजड़ी है. जड़ें खुली रह गईं तो तीन बजे तक मर जाएगी. दस मिनट दे दो.” खेजड़ी म्हणजे शमीच, आपल्याकडे दसऱ्याला हिची पूजा. त्यांच्याकडे तर म्हणे हिला घरातल्या माणसासारखं जपतात. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मरू दे, दुसरं येईल. आम्हा दोघांना ते जमलं नाही.’ त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘माझं काम एकच होतं गं. नाही म्हणायचं. दुसरं काही कामच नव्हतं मला.’

त्यांनी शिट्टी खिशात टाकली होती. घड्याळ काढून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं होतं आणि फावडं घेऊन स्वतः खड्ड्यात उतरले होते. दोघांनी मिळून माती भरली, पाणी सोडलं. आणि पाणी मुळांशी पोचत असताना माळी तिथेच आडवा झाला.

कंपनीच्याच गाडीतून त्याला नेलं. अकरा दिवस इस्पितळात होता. वाचला, पण मूत्रपिंडं कायमची अधू झाली आणि त्याला घरी पाठवलं. रिपोर्टमध्ये वेळ लिहिली गेली बारा वीस. कारण, कामगार पाणी प्यायला नाही, त्याचा स्वतःचा हलगर्जीपणा. तेव्हाच्या प्रोजेक्ट मॅनेजरने सरांना सांगितलं होतं, साडेबाराच्या नंतरची वेळ लिहिलीत तर साइट बंद पडेल, दोनशे माणसं घरी बसतील. सरांनी सही केली. टाइप मी केलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दुपारी आमच्या केबिनचं दार कुणी उघडलं नव्हतं, शिट्टी वाजली नव्हती. मला ते टाइप करतानाच जाणवलं होतं. मी विचारलं नाही.

‘गावात म्हणतात, दुबईत दारू पिऊन पडला,’ सर म्हणाले. ‘कंपनीच्या कागदावर त्याचाच दोष लिहिलाय. तो कुणाला काय दाखवणार? भावांनी वेगळं काढलं त्याला. मी दर दिवाळीला फोन करतो. एकदाच त्याने काही मागितलं. म्हणाला, “साब, एक काग़ज़ मिल जाता कि मेरी ग़लती नहीं थी.” एरवी विचारतो, पेड़ कैसा है.’

झाड झकास होतं. खाली तीन कुटुंबं बसली होती, एकाने डबा उघडला होता.

‘त्याच्या सावलीत मी कसा बसू?’ सर म्हणाले. मला रडू आलं. मी पाणी पिण्याचं निमित्त केलं.

त्यांनी एक कागद आणला होता, मराठीत लिहिलेला. ‘खोटं इंग्रजीत लिहिलं होतं, म्हणून खरं आधी मराठीत लिहून बघितलं. तू इंग्रजी कर.’ त्यात वेळ होती बारा पंचावन्न. घड्याळ हातात नव्हतं, त्यामुळे अंदाजाने, असंही लिहिलं होतं. सोमवारी माझ्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी इंग्रजी प्रतीवर सही केली. ‘आजच लाव. गुरुवारपर्यंत मी इथे आहे. बोलावतील, विचारतील, मी उत्तर देईन.’

मी हो म्हटलं आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी मोह दाखवला नव्हता. मला फक्त एवढंच दिसत होतं, की चौकशी लागेल, पोलीस येतील, प्रवासबंदी लागेल, आणि पंचवीस वर्षांनी घरी निघालेला हा म्हातारा विमानतळावरून परत येईल. सोमवार गेला, मंगळवार गेला. दोनदा ते विचारायला आले, दोनदा मी ‘वर पाठवलंय’ म्हटलं. गुरुवारी ते गेले. शुक्रवारी सकाळी मी कागद बाहेर काढला, शिक्का मारला आणि तो वर गेला.

तासाभरात परत आला. आता नवे मॅनेजर होते. ते वाईट नव्हते, पण म्हणाले, ‘माणूस देशातून गेला आणि मागून कागद ठेवला? अब किससे पूछें? खलास, फाइल क्लोज.’

रविवारी सरांचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाण्याचं विचारलं नाही. ‘काय झालं?’

मी सगळं सांगितलं. का केलं तेही सांगितलं.

‘कधी लावलास?’

‘शुक्रवारी. सकाळी दहाला.’

‘मी सोमवार म्हटलं होतं,’ ते म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर मी किती वेळा लावला, त्यांनी उचलला नाही.

जुलैत, ऐन काहिलीत, आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने मला फोन केला. ‘मॅम, समवन इज आस्किंग मी टू ड्रिंक वॉटर.’ मी जिने उतरून धावले. सर सोफ्यावर बसले होते. व्हिजिट व्हिसावर आले होते, स्वतःच्या खर्चाने, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली.

आईने त्यांना हॉटेलात राहू दिलं नाही, आमच्याच घरी ठेवून घेतलं. ते आईशी बोलायचे, मला मात्र मीठ द्या, दार लावा, एवढंच. रोज आठ वाजता रिसेप्शनवर येऊन बसायचे आणि साडेबाराला उठायचे. आठ दिवस त्यांना कुणी आत घेतलं नाही. त्यांच्याच जागी नेमलेली एक तरुण सेफ्टी मॅनेजर होती. नवव्या दिवशी ती खाली आली, त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसली आणि म्हणाली, ‘अंकल, मला सगळं सांगा.’ दोन तास जबाब चालला. प्रत्येक पानावर त्यांनी सही केली. तुम्हाला इथून जाऊ देणार नाहीत कदाचित, असं तिने सांगितल्यावर म्हणाले, ‘चालेल. मी दोन शर्ट जास्तीचे आणलेत.’ ते वापरायची वेळ आली नाही, त्यांना जाऊ दिलं.

जायच्या दिवशी विमानतळावर सोडायला मी गेले. गाडीतून उतरताना ते प्रथमच नीट बोलले. ‘तू माझ्या मायेपोटीच केलंस, कळतं मला. मीही त्या झाडाच्या मायेपोटीच केलं होतं. भोगलं तिसऱ्याने.’ मग बॅग उचलली. मी वाकून नमस्कार केला तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘ऊन लागतंय, गाडीत बस.’

पुढच्या महिन्यात रिपोर्ट दुरुस्त झाला. वेळ बारा पंचावन्न, कामगाराचा कोणताही दोष नाही. कंपनीच्या लेटरहेडवर माळ्याच्या नावाने तसं पत्र निघालं. मी ते स्वतः टाइप केलं, त्याच दिवशी शिक्का मारला, त्याच दिवशी कुरिअर केलं. इंग्रजीबरोबर एक प्रत हिंदीत जोडली आणि खाली माझा नंबर लिहिला.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज इतका हळू होता, की मी ऑफिसचं दार लावून घेतलं. चिठ्ठी पोचली, म्हणाला. पंचायतीत सरपंचाने वाचून दाखवली. मोठा भाऊ उठून जवळ येऊन बसला.

‘मैडम, एक बार आप पढ़ दीजिए,’ तो म्हणाला. मी हिंदीतली प्रत पहिल्यापासून वाचली. वेळेपाशी आल्यावर त्याने मला थांबवलं.

‘बारह पचपन लिखा है?’

‘हाँ. क्यों?’

‘घरवाली रोज़ दुबई के एक बजे फ़ोन करती थी, छुट्टी के टाइम. उस दिन फ़ोन बजा तब मैं गड्ढे में था. हाथ में मिट्टी थी, उठाया नहीं. उसके बाद भी बहुत देर काम किया हमने.’

माझ्या हातातला कागद टेबलावर ठेवला गेला. ‘साब को पता था?’

‘नहीं नहीं. साब तो मेरे साथ मिट्टी डाल रहे थे, मुझसे ज़्यादा. घड़ी किसके पास थी?’ मग जरा घाईने म्हणाला, ‘मैडम, उनको मत बताना. फिर आ जाएँगे.’

मी त्याला शब्द दिला. त्या दिवाळीला सरांचा फोन आला. मी पाणी प्यायले का ते त्यांनी विचारलं आणि मग म्हणाले, ‘कागदात सगळं बरोबर आहे ना गं?’ मी म्हटलं, ‘हो.’

सर गेल्या वर्षी वारले. बारा पंचावन्न हीच वेळ खरी, असं समजून गेले.